‘इफेमरल’ म्हणजे नक्की किती दिवस? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रत्नागिरीत मुलांना इंग्रजी शिकवायला लागल्यापासून ‘इफेमरल’ (ephemeral) या एका शब्दावर जितके निरोप आले, तितके दुसऱ्या कुठल्याच शब्दावर आले नाहीत. विचारणारे नुसते विद्यार्थी नाहीत. गाय आजारी पडलेले शेतकरी आहेत, सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, फुलं बघून आलेल्या बायका आहेत, पुण्याला नोकरीला लागलेली संगणकवाली मुलंही आहेत. तेच तेच पुन्हा टंकण्यापेक्षा सगळं एकत्र लिहून ठेवतो. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्याच्याच शब्दांत ठेवलेत.

१. सर, इफेमरलचा अर्थ एका ओळीत सांगा.

फार थोडा काळ टिकणारं, आणि तेही स्वभावतःच. ‘स्वभावतःच’ हा भाग पाठ करताना गळतो आणि मग प्रश्न ७ मधला घोळ होतो.

२. उच्चार एफिमेरल की इफेमरल?

जोर दुसऱ्या अक्षरावर, ‘फे’वर: इ-फे-म-रल. बोलताना मधला ‘म’ अर्धा होतो आणि इफेम्रल असं काहीसं ऐकू येतं. आपल्याकडे ‘मे’वर जोर देऊन एफिमेरल म्हणतात. समजतं सगळ्यांना, पण तोंडी परीक्षेत टाळा.

३. हा शब्द आला कुठून?

ग्रीकमधून. ‘एपि’ म्हणजे वर, लगत, आणि ‘हेमेरा’ म्हणजे दिवस. दोन्ही मिळून ‘एफेमेरॉस’: दिवसापुरतं, एका दिवसाचं. म्हणजे मुळात हा ‘थोडा वेळ’ असा मोघम शब्द नव्हताच. त्याला माप होतं, आणि ते माप एक दिवस.

इंग्रजीत तो वैद्यांच्या बोटाला धरून आला. मध्ययुगीन लॅटिनमध्ये एका दिवसात उतरणाऱ्या तापाला ‘एफेमेरा’ म्हणत. चौदाव्या शतकाच्या अखेरीस ते नाव इंग्रजीत शिरलं. ‘इफेमरल’ हे विशेषण सोळाव्या शतकातलं, तेही आधी रोगांना आणि आयुष्याच्या लांबीला लावलं जाई. कीर्ती, सौंदर्य, फॅशन अशा गोष्टींना ते चिकटलं सतराव्या शतकात. ताप दिवसांनी मोजायची रीत आपल्याला नवी नाही. आयुर्वेदात तृतीयक आणि चतुर्थक ज्वर आहेतच.

‘एपि’ तुम्हाला एपिडेमिकमध्ये भेटलेला आहे: लोकांवर आलेली साथ. संस्कृतातला ‘अपि’ त्याचा लांबचा भाऊ लागतो.

४. ‘एपि’ आणि ‘हेमेरा’ जोडले तर मधे ‘फ’ कुठून आला? आणि स्पेलिंगमध्ये एफ का नाही?

चांगला प्रश्न आहे, आणि याचं उत्तर मराठी माणसाला इंग्रजापेक्षा लवकर पटतं. ‘एपि’तला शेवटचा इकार गळला, उरला ‘प्’. पुढे ‘हे’. प् आणि ह एकत्र म्हणून बघा. फणसातला ‘फ’ होतो ना? प्राचीन ग्रीकांचं ते अक्षर तसंच होतं, ओठ मिटून सोडलेला महाप्राण. पुढे ग्रीकमध्येच त्याचा उच्चार दातांवर ओठ टेकवून होऊ लागला. रोमनांनी मात्र आधीच तो पी आणि एच अशी दोन अक्षरं लिहून नोंदवला होता, आणि स्पेलिंग तिथेच राहिलं. म्हणून माझ्या वर्गात पी-एच पाठ करायला लावत नाही, फणस आठवायला लावतो.

५. त्यातला ‘मेर’ म्हणजे मरण का? अर्थ तर तसाच निघतो.

नाही. अर्थ जुळला म्हणून नातं जुळत नाही. ‘मेर’ हा ‘हेमेरा’चाच तुकडा आहे, म्हणजे दिवसाचा. मरणाशी नातं हवं असेल तर इंग्रजी ‘मॉर्टल’ घ्या. तो आणि आपला ‘मर्त्य’ खरोखर एकाच मुळाचे.

६. मराठीत नेमका प्रतिशब्द कोणता लिहायचा? क्षणभंगुर चालेल?

चालतो, आणि नव्वद टक्के मुलं तोच लिहितात. पण त्याला कीर्तनाचा वास आहे. ‘क्षणभंगुर’मध्ये मोडणं आहे (भंगुर म्हणजे मोडणारं) आणि मोडल्याचं वैराग्यही. जास्वंदीचं फूल सकाळी उमलतं आणि बहुतेक संध्याकाळपर्यंत मिटतं. इंग्रज त्याला सहज इफेमरल म्हणेल, त्यात हळहळ असेलच असं नाही. ‘जास्वंद क्षणभंगुर आहे’ म्हटलं की मात्र आपण टाळ घेऊन उभे.

म्हणून मी संदर्भ बघतो. शास्त्रीय मजकुरात ‘अल्पजीवी’ किंवा ‘अल्पकालिक’. भावनेला ‘क्षणिक’. देह, संपत्ती वगैरेंना ‘नश्वर’, ‘अशाश्वत’. सत्ता, पद, मिरवणं याला मात्र आपल्याकडे असा एक शब्द आहे की इंग्रजीने हेवा करावा: औटघटकेचा. औट म्हणजे साडेतीन. घटका चोवीस मिनिटांची. औटघटकेचं राज्य म्हणजे बरोबर ८४ मिनिटांचं. ग्रीकांनी दिवस मोजला, आपण मिनिटांपर्यंत आलो.

आणि खुद्द कोकणातून बघायचं तर दोन वाक्प्रचार पुरेत. अळवावरचं पाणी: पान हललं की थेंब गेला, मागे ओलही नाही. तेरड्याचा रंग तीन दिवस: हा तर सड्यावर दरवर्षी दिसतो. पुढे प्रश्न ९ मध्येही तीन दिवसच येणार आहेत. ग्रीक माणूस ‘एक दिवस’ म्हणतो तिथे मराठी माणूस ‘तीन’ म्हणतो, हे मला शिकवता शिकवता लक्षात आलं. का, ते मला विचारू नका. आपण जरा उदार असू.

७. मग टेम्पररी आणि इफेमरल यात फरक काय? दोन्ही तात्पुरतंच ना?

सगळ्यांत जास्त विचारला गेलेला प्रश्न. अंगणाकडे बघा.

दिवाळीच्या आसपास खळं सारवून त्यावर माटव घालतात. पोफळीचे खांब, वर झापं. लग्न, मुंज, कोकम वाळवणं, दुपारची झोप, सगळं त्याखाली. पावसाच्या तोंडावर तो उतरवतात. माटव टेम्पररी आहे. तो पडत नाही, आपण काढतो. मनात आलं आणि वर पत्रे घातले तर वर्षानुवर्षं राहील. (घातलेतच लोकांनी. असो.)

त्याच खळ्यात सकाळी घातलेली रांगोळी, किंवा कौलावरून आलेला उन्हाचा कवडसा, इफेमरल. राखायचा म्हटला तरी राखता येत नाही.

तेव्हा परीक्षा अशी: ठरवून थोड्या काळासाठी ठेवलेलं ते टेम्पररी. जात्याच थोडा काळ राहणारं ते इफेमरल. हंगामी शिक्षक टेम्पररी असतो. त्याला इफेमरल म्हणालात तर त्याच्या प्रकृतीची चौकशी करायला लोक येतील. ‘हंगाम’ हा मूळ फारसी शब्द. वेळ, मोसम हा त्याचा अर्थ. आंब्याचा हंगाम आणि हंगामी अध्यक्ष एकाच घरचे.

८. ट्रान्झिएंट, फ्लीटिंग, इव्हॅनेसंट हे पण सगळे तेच का?

शेजारी आहेत, एकच नव्हेत. ट्रान्झिएंट लॅटिन, ‘ओलांडून जाणारं’: वाटसरू. इव्हॅनेसंट म्हणजे विरून जाणारं, जसं खाडीवरचं सकाळचं धुकं. फ्लीटिंग मला सर्वांत आवडतो, कारण तो अस्सल जुन्या इंग्रजीतला आणि मूळ अर्थ तरंगणं. जहाजांच्या ताफ्याला ‘फ्लीट’ म्हणतात तोही त्याच धातूचा. जयगडला किंवा मिरकरवाड्यात होड्या बघत वाढलेल्या मुलाला हे एकदा सांगितलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

९. गाय दोन दिवस उठत नाही. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ‘इफेमरल फीवर’ लिहिलंय. म्हणजे काय?

तिवा. गोठ्यातलं नाव हेच आणि तुम्हाला ते माहीत आहे.

हा विषाणूचा आजार, गाई-म्हशींना होणारा. चावणारे बारीक कीटक आणि डास तो पसरवतात, म्हणून पावसाळ्यात आणि त्यानंतर जास्त दिसतो. अचानक चढलेला ताप, अंग आखडणं, एका पायाने लंगडणं आणि मग दुसऱ्याच पायाने, दूध उतरणं. बहुतेक जनावरं तीनेक दिवसांत सावरतात, म्हणूनच तिवा. इंग्रजीतही त्याला तीन दिवसांचं आजारपण म्हणतात, पण शास्त्रीय नाव मात्र जुन्या तापाच्या शब्दावरून पडलं (प्रश्न ३). म्हणजे नावात एक दिवस आणि गोठ्यात तीन. इथे आपला शब्द त्यांच्यापेक्षा खरा आहे.

मी इंग्रजीचा मास्तर, गुरांचा डॉक्टर नाही. नाव ‘अल्पकालिक’ आहे म्हणून वाट बघत बसू नका. आडव्या पडलेल्या जनावराला पाणी, सावली आणि पशुवैद्य लागतो.

१०. एक दिवस जगणारा किडा असतो तो कोणता? आमच्याकडे पहिल्या पावसात दिव्यावर येतात तेच का?

नाही, आणि ही गल्लत जवळजवळ प्रत्येक जण करतो.

पहिल्या पावसात दिव्याभोवती थवे येतात, पंख गाळतात आणि सकाळी केरसुणीने पंखांचे ढीग भरावे लागतात, ती पंखवाली वाळवी. ती मरायला नव्हे, जोडी जमवायला बाहेर पडते. बरीचशी पाली आणि पाखरं खातात. पण एखादी जोडी जमिनीत शिरली तर तिचं नवं वारूळ होतं आणि त्यातली राणी वर्षानुवर्षं जगते. घराच्या वाशांना विचारा, वाळवी इफेमरल आहे का ते.

एक दिवसाचा किडा वेगळा. ॲरिस्टॉटलने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात एका नदीवरच्या अशा कीटकाची नोंद केली आणि नाव दिलं ते हेच, एफेमेरॉन. आज त्या गणाला ‘एफेमेरॉप्टेरा’ म्हणतात: दिवसापुरते पंख. इंग्रजीत मेफ्लाय. सह्याद्रीतून उतरणाऱ्या स्वच्छ ओढ्यांजवळ दिसतो. बसला की पंख शिडासारखे पाठीवर उभे आणि मागे दोन-तीन लांब शेपटीचे दोरे. प्रौढाला खाण्याजोगं तोंडच नसतं. पंख फुटल्यावर काही मिनिटं ते काही दिवस, बस्स.

पण अपवाद इथेच लपला आहे. त्याआधी तोच जीव पाण्याखाली कित्येक महिने, कधी वर्षाहूनही जास्त, वाढत असतो. त्याचं आयुष्य इफेमरल नाही, उडणं इफेमरल आहे.

११. सड्यावरच्या फुलांना पुस्तकात ‘इफेमरल फ्लोरा’ म्हटलंय. पण ती तर दरवर्षी येतात!

येतात, आणि तरी शब्द बरोबर आहे. मे महिन्यात जांभ्याचा सडा तव्यासारखा असतो. पाऊस पडला की खळग्यांत पाणी साठतं, बोटभर मातीत बी रुजतं, आणि पाऊस सरायच्या आत रुजणं, फुलणं, बी धरणं सगळं उरकावं लागतं. सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू, तेरडा. माती इतकी निकस की सीतेची आसवं आणि दवबिंदू किडे खाऊन पोट भरतात. वनस्पतिशास्त्रात इफेमरल म्हणजे असं झटपट जीवनचक्र संपवणारं झाड. दरवर्षी येतं ते नवं झाड, जुनं नव्हे.

इथेही तिढा आहे. कोकण दीपकाडीची पांढरी फुलं पावसाच्या सुरुवातीला येतात आणि लगेच जातात, पण खाली कंद जिवंत राहतो. फूल अल्पजीवी, झाड नाही. प्रश्न १० मधल्या किड्यासारखंच.

आणि याच सड्यांवर, उक्षी, कशेळी, बारसूला, कातळात कोरलेली हजारो वर्षांपूर्वीची चित्रं आहेत. २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली. हत्तीच्या कोरलेल्या पायात साचलेल्या पाण्यात दोन महिन्यांचं फूल उभं असतं. मुलांना तिथे नेल्यावर मी काही शिकवत नाही.

१२. आमचा पऱ्ह्या डिसेंबरात आटतो. तो ‘इफेमरल स्ट्रीम’ ना?

नाही. भूगोलात या शब्दाला काटेकोर अर्थ आहे. बारमाही ओढा वर्षभर वाहतो. वर्षातले काही महिने सलग वाहणारा तो हंगामी, त्याला इंग्रजीत ‘इंटरमिटंट’ म्हणतात. तुमचा पऱ्ह्या हाच. इफेमरल म्हणजे पाऊस पडला की धावणारा आणि थांबला की काही वेळात कोरडा होणारा. भूजल त्याच्या तळाच्या खालीच राहतं, त्यामुळे त्याला आतून पाणी मिळत नाही. घाटात सरीबरोबर कड्यावरून उतरणारी आणि ऊन पडताच नाहीशी होणारी धार त्या जातीची.

१३. दीड दिसाचो गणपती इफेमरल म्हणायचो काय?

मूर्ती म्हणा, गणपती नको.

कलेच्या अभ्यासात ‘इफेमरल आर्ट’ अशी संज्ञा आहे. संपण्यासाठीच केलेली कला. मातीची विसर्जनाची मूर्ती, रांगोळी, गणपतीवर टांगलेली माटवी, तिच्यातली कवंडळं आणि रानफळं, हे सगळं त्यात बसतं. माटवी तर पुरती बसते, कारण चौथ्या दिवसापासूनच ती सुकू लागते.

पण प्रश्न ७ ची परीक्षा लावली तर दीड दिवस हा मातीचा स्वभाव नाही, घराण्याची रीत आहे. शेजारच्या घरी तशीच मूर्ती पाच दिवस असते, कुठे अकरा, कुठे एकवीस. आणि ज्याला आपण ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणतो त्याला अल्पजीवी म्हणणं माझ्या आईला चाललं नसतं.

१४. इफेमेरिस हा वेगळा शब्द की स्पेलिंगची चूक?

वेगळा शब्द, सख्खं भावंड. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ रोजच्या नोंदींची वही, आपली रोजकीर्द म्हणा. पुढे ग्रह-तारे कोणत्या दिवशी कुठे असतील याच्या कोष्टकांना ते नाव पडलं. पंचांग बनवणाऱ्याला असलीच कोष्टकं लागतात. भिंतीवरचं ‘कालनिर्णय’ १९७३ मध्ये सुरू करणारे जयंतराव साळगावकर मालवणचे.

मासेमारीच्या होडीवर जीपीएस असतं, तिथेही हाच शब्द. उपग्रह स्वतःच्या कक्षेची माहिती पाठवत राहतो, तिचं नाव इफेमेरिस. ती थोड्याच तासांत शिळी होते आणि नवी घ्यावी लागते. एवढ्यापुरता तो पुन्हा इफेमरल.

आधुनिक ग्रीकमध्ये वर्तमानपत्राला म्हणतात ‘एफिमेरिदा’. आपलं ‘दैनिक’ शब्दशः तेच. ६ जानेवारी १८३२ ला ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. ‘दर्पण’ काही दैनिक नव्हतं, पण दिवसापुरत्या कागदाची मराठीतली सुरुवात कोकणातल्या माणसाने केली एवढं नोंदवून ठेवतो.

१५. आणि इफेमेरा?

फेकून द्यायच्या लायकीचे कागद, जे कुणीतरी फेकले नाहीत. तिकिटं, हस्तपत्रकं, लग्नपत्रिका, काडेपेटीची वेष्टणं. इंग्लंडमध्ये १९७५ पासून यांची जपणूक करणारी एक संस्था आहे. माझ्याकडे पत्र्याच्या डब्यात एसटीची जुनी पंच मारलेली तिकिटं आणि दशावताराच्या जाहिराती आहेत. घरात त्याला रद्दी म्हणतात.

व्याकरण: ग्रीकमध्ये एकवचन एफेमेरॉन, अनेकवचन एफेमेरा. इंग्रजीत इफेमेरा बहुधा अनेकवचनी चालवा.

१६. मुलगा कंपनीत ‘इफेमरल पोर्ट’ म्हणतो. हे कुठलं बंदर?

एका काकांनी खरंच विचारलं होतं, आणि प्रश्न मुळीच वेडा नाही. संगणकात एका वेळी अनेक संवाद चालू असतात. प्रत्येकाला क्रमांकाचा धक्का लागतो, शून्यापासून ६५,५३५ पर्यंत. काही धक्के कायमचे नेमलेले. बाकी संवादापुरते दिले जातात, संपला की दुसऱ्याला. त्यांना इफेमरल म्हणतात. प्रमाण पट्टा ४९,१५२ ते ६५,५३५ असा आहे, प्रत्यक्षात काही प्रणाली वेगळा घेतात. भाऊच्या धक्क्यावर जागा रिकामी झाली की पुढची लाँच लागते, तसं.

आणि व्हॉट्सॲपचं स्टेटस चोवीस तासांनी जातं, तो तर या शब्दाचा शुद्ध ग्रीक अर्थ.

१७. बौद्ध विचारातलं ‘अनित्य’ आणि हे एकच का?

नाही. अनित्य, पालीत अनिच्च, सगळ्यालाच लागू आहे: फूल, कातळ, डोंगर, बघणारा. इफेमरल तुलनेने बोलतो. शेजारी काहीतरी जास्त टिकणारं असलं तरच त्याला अर्थ. म्हणून सामान्य अनित्यतेसाठी इंग्रजीत ‘इम्पर्मनन्स’ लिहा.

१८. गुहागरला होमस्टे काढतोय. ‘इफेमरल’ नाव कसं वाटतं?

ऐकायला गोड आहे. पण जांभ्याच्या चिऱ्यांचं घर, बँकेचं कर्ज वीस वर्षांचं आणि पाटीवर ‘एका दिवसाचं’. शिवाय रिक्षावाल्याला उच्चार कोण शिकवणार? ‘तेरडा’ ठेवा. लोक निदान तीन दिवस राहतील.